रोल नंबर एकपासून

जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. सालीला एक आडवी आणि एक उभी चीर द्यायची, त्या फटीत नागपुरी संत्र्याच्या काडीवरून काढलेला डोळा अलगद सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. शेंदूरजनाघाटच्या पन्हेरींमध्ये थंडीच्या दिवसांत हे काम सकाळपासून चालू असतं. सातपुड्याकडून येणारा वारा अजून बोचत होता. मामा वाफ्याच्या कडेला पोतं अंथरून बसले होते आणि मी त्यांच्यासमोर वही घेऊन.

मामांनी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी शिष्यवृत्तीच्या टेबलावर. २०२२ मध्ये ते निवृत्त झाले आणि पन्हेरीकडे वळले. मी दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे बैठक होती. मार्च २०२० च्या करोना टाळेबंदीसारखा काळ पुन्हा आला तर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांना कसं सांभाळायचं, यावर मला दहा मिनिटं बोलायचं होतं. मामांशी बोलल्याशिवाय उभं राहू नये असं वाटलं. या बाबतीत आमचं पटत नाही, हे आधीपासून ठाऊक होतं, आणि आले होते त्यासाठीच.

"तू काय बोलनार आहेस ते सांग आधी," मामा मान वर न करता म्हणाले.

"माझं म्हणणं एवढंच की त्या काळात मुलांना पैशाइतकीच माणसाची गरज होती. कुणीतरी फोन करून विचारायला हवं होतं, बाबा, कसा आहेस, पुस्तकं आहेत का जवळ, घरी काय चाललंय. बहुतेकांना कुणी विचारलं नाही."

"अन् विचारलं असतं तं?"

"तर काही जण गळाले नसते."

मामांनी पट्टीची गाठ मारली. "मी तुले माह्यं सांगतो. पोट्ट्याच्या हक्काचा पैसा त्याच्या खात्यात तारखेवर टाका. परीक्षेचं काय ते एकदाच ठरवा अन् एकदाच सांगा. बाकी तो पाहून घेते. आपल्याकडचे पोट्टे एवढे कच्चे नाईत. संत्र्याच्या गाड्या भरून रात्री अभ्यास केलेले पोट्टे मी पाह्यले आहेत."

"एकदाच ठरवा म्हणता, पण ठरलं कुठे एकदा? राज्यानं अंतिम वर्षाची परीक्षा रद्द म्हणून सांगितलं. ६ जुलै २०२० ला विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला, परीक्षा घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. तोवर मुलांनी पुस्तकं बांधून ठेवली होती. काहींची तर अमरावतीच्या खोलीतच राहिली होती."

"तेच तं म्हनतो मी. घोळ झाला तो नियमाचा झाला. नियम सरळ असता तं पोरं सरळ राह्यली असती. अन् नियम नीट असला की काय होते, तेही पाह्य. एप्रिलमध्ये त्याच आयोगानं लिहिलं की टाळेबंदीचे दिवस सर्व विद्यार्थ्यांची हजेरी समजण्यात यावी. एक ओळ, बाई. पीएचडीवाल्याइले सहा महिन्यांची मुदत वाढवून देल्ली, तीही एक ओळ. देशातल्या एकून एक पोट्ट्याले लागू झाली. तू किती फोन करशील त्या ओळीएवढं काम कराले?"

मामांची वऱ्हाडी सरकारी शब्दापाशी पोचली की आपोआप ताठ होते. एकतीस वर्षांची सवय. पण मुद्दा खरा होता आणि मी तो वहीत लिहून घेतला. हजेरी हा शिष्यवृत्तीचा कणा आहे. ती धरली नसती तर हजारो अर्ज त्याच वर्षी बाद झाले असते.

"पण मामा," मी म्हटलं, "शिष्यवृत्ती म्हणजे नेमकं काय मिळतं मुलाला? तुम्ही तक्ता पाठ म्हणून दाखवायचात."

"पदवीच्या पोट्ट्याले वसतिगृहात राह्यला तं महिन्याचे ५७०, घरून आला तं ३००. तवाचा दर. फी वेगळी. स्वाधार योजना बसली तं अमरावतीसाठी वर्षाचे ५१,०००. त्यात भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,०००, निर्वाह भत्ता ८,०००."

"आता हे पैसे कशाचे होते बघा. मेरीटच्या बक्षिसाचे नव्हते. एका जागेचे होते. कठोरा नाक्याजवळची नाही तर गाडगेनगरातली तिघांची खोली, दोन वेळची मेस, रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका आणि शेजारच्या खाटेवरचा मित्र, जो म्हणतो चल ऊठ, अर्ज भरायची शेवटची तारीख आहे. मार्चमध्ये दोन दिवसांत सगळे एकेक पिशवी घेऊन घरी गेले. वाटलं होतं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. शिष्यवृत्तीनं जे विकत घेऊन दिलं होतं ते सगळं अमरावतीत कुलूपबंद राहिलं. कितीतरी ठिकाणी वसतिगृहांची विलगीकरण केंद्रं झाली. मुलाच्या नावापुढे शिष्यवृत्ती तशीच होती. तो मात्र शिष्यवृत्तीच्या बाहेर येऊन पडला होता."

"अन् खोलीवाला भाडं मागत होता," मामा म्हणाले. "माह्याकडे पोट्टे फोनवर विचारायचे, सर, निवासाचे पैसे येतील का? मी काय सांगू? कागदाच्या हिशोबानं पाह्यलं तं तू घरी आहेस, निवास कायचा? खोलीवाल्याच्या हिशोबानं तुही पेटी तथी आहे, म्हनजे भाडं चालू."

"बघा, नियमाला उत्तर नव्हतं."

"नव्हतं. मानलं. मग नियम दुरुस्त करा. फोन कायले?"

मामी उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन आल्या आणि थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प शेंगा सोलत बसलो.

मला त्यांना घर दाखवायचं होतं. मामांना घर ठाऊक नव्हतं असं नाही. पण टेबलाच्या अलीकडून मुलगा दिसतो तो हातात अर्ज धरलेला दिसतो, घर मागे राहतं. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात मार्च-एप्रिल म्हणजे मृग बहाराच्या संत्र्याचा शेवट. तोडाई, निवडणं, पेट्या भरणं, गाडी लादणं या कामांवर कितीतरी घरांची चूल चालते. २०२० च्या मार्चअखेर गाड्या थांबल्या आणि ही कामं थांबली. आई घरी, वडील घरी, लहान भावंडं घरी, आणि दोन खोल्यांत मधोमध बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. घरात एक फोन, तो वडिलांचा. थोडी सूट मिळाली की वडील फोन घेऊन बगीच्यात जाणार आणि अकराचा तास त्यांच्या खिशात वाजणार.

"आणि महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपीही त्याच खिशात," मी म्हटलं. "मुलगा सेतू केंद्रावर रांगेत उभा, ओटीपी बगीच्यात. वेळेत भरला नाही की परत पहिल्यापासून."

मामा पहिल्यांदा हसले. "ते खरं. मी पोट्ट्याइले सांगत जाय, बापाले संगं घेऊन ये."

"मुलींचं अजून वेगळं. माझ्या वर्गातली एक मुलगी, सांख्यिकीत सगळ्यात पुढे. घरी आली आणि घरच्यांना वाटलं, कॉलेज नाहीच तर रिकामी कशाला ठेवायची. अंगणात पन्नास माणसांत लग्न झालं. खर्च वाचला म्हणून सगळे खूश होते. मला कळलं तेव्हा ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडली होती. 'लेफ्ट' एवढाच शब्द दिसला."

मामा काही बोलले नाहीत. वाफ्यातला पुढचा खुंट त्यांनी खालून पुसून घेतला.

"म्हणून मी म्हणते," मी पुढे गेले, "आपल्याकडे गरिबाला शिकवायला जे निघाले त्यांनी आधी राहण्याची सोय केली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग काढलं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात. आपले पंजाबराव देशमुख, अमरावतीत आधी श्रद्धानंद छात्रालय, शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची. आणि ज्यांचं नाव अमरावती विद्यापीठाला आहे त्या गाडगेबाबांनी जन्मभर धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. या सगळ्यांना ठाऊक होतं की मुलगा एकटा पडला की शिकत नाही."

"तू बाबासाहेबांचं नाव घेतलंस म्हनून सांगतो." मामांनी चाकू खाली ठेवला. ही गोष्ट मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकली आहे आणि दर वेळी ती ऐकताना ते हातातलं काम थांबवतात. "शिष्यवृत्तीवरचा विद्यार्थी अन् मधातच आलेलं संकट, ह्याच्यापेक्षा मोठं उदाहरन कोनतं? बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती. कोलंबियातून १९१६ मध्ये लंडनले गेले. अन् १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा. बाहेर महायुद्ध पेटलेलं. परत या लागलं. स्वतः एका बोटीवर, पुस्तकाइच्या पेट्या दुसऱ्या बोटीवर. ते पेट्यांची बोट शत्रूनं बुडवली. एवढी पुस्तकं, एवढे कागद, समुद्रात. कोन फोन केला त्याइले? कोनीच नाई. तरी १९२० मध्ये परत लंडनले गेले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा जोडला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना नावाच्या पारशी मित्रानं ५,००० उसने देल्ले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले."

"परत गेले ते कशाच्या जोरावर, मामा? लंडन विद्यापीठानं परवानगी दिली होती, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करा म्हणून. ती कोणी मिळवून दिली? प्राध्यापक एडविन कॅनन. एका शिक्षकानं आपल्या विद्यार्थ्यासाठी शब्द टाकला. हाच तर माझा फोन आहे."

"शब्द कॅनन साहेबाचा. पन कागद विद्यापीठाचा. तीन वर्षांनी नुसत्या शब्दावर कोन दारात घेते? माह्या टेबलावर किती जन आले, 'साहेब बोल्लेत' म्हनून! मी म्हनायचो, साहेबाले लिहून द्या म्हना." ते थोडे पुढे सरकले. "अन् पुढं स्वतःच्या हातात सत्ता आली तवा बाबासाहेबांनी काय केलं? व्हाइसरॉयच्या मंडळात होते, त्या काळातच, १९४४ मध्ये अनुसूचित जातीच्या पोराइची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तू-मी जे बोलून राह्यलो ते तेच योजना. त्याइनं असं नाई म्हटलं का दयाळू मानसं शोधा अन् पोराइची विचारपूस कराले सांगा. योजना झाली. दयेवर भरोसा ठेवला असता तं आपन अजून वाट पाहत बसलो असतो."

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मामा ज्या तळमळीनं बोलतात तिच्यापाठीमागे त्यांचं स्वतःचं शिक्षण आहे. त्यांची पदवी याच योजनेवर झाली आणि मिळालेल्या पहिल्या रकमेची पावती त्यांनी अजून जपून ठेवली आहे.

"पण १९१७ च्या बडोद्याकडे एकदा बघा," मी थोड्या वेळानं म्हटलं. "बाबासाहेबांना नोकरी होती. पगार होता. परदेशातलं शिक्षण होतं. राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी माणसं काठ्या घेऊन आली. त्या दिवशी ते कमाठी बागेत जाऊन बसले. त्या बागेत त्यांच्या खिशात पैसे नसतील असं नाही ना? हिंदू मित्राकडे, ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिलं, दोघांनी टाळलं. एक माणूस 'माझ्याकडे ये' म्हणाला असता, तर?"

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो एक मानूस नव्हता. तोच तं मुद्दा आहे. जो मानूस भेटनं नशिबावर आहे, त्याच्या भरवशावर पोराचं शिक्षन ठेवू नोको."

त्यानंतर त्यांनी मला जे विचारलं त्यासाठी मी तयार नव्हते.

"तू केले होते ना फोन?"

"केले होते. जून २०२० पासून. मला तेव्हा तास नव्हते, मानधनही नव्हतं. संध्याकाळी चार-पाच मुलांशी बोलायचे."

"वर्गात किती होते?"

"शंभरावर."

"फोन किती जनाइले केले?"

"चाळीसेक जणांना. काहींना दोनदा-तीनदा."

"ते चाळीस कोन निवडले?"

मी वहीत बघत राहिले. खरं सांगायचं तर निवडले असं कधी वाटलंच नव्हतं. जे आठवले त्यांना केले. ज्यांचा नंबर माझ्याकडे होता त्यांना. ज्यांनी कधी तास संपल्यावर काही विचारलं होतं, गॅदरिंगमध्ये काम केलं होतं, पहिल्या तीन बाकांवर बसत होते त्यांना. पुढच्या वर्षी प्रवेशाची यादी लागली तेव्हा मी ती घेऊन बसले होते. जे परत आले नाहीत त्यातल्या बहुतेकांना मी फोन केला नव्हता. काहींचे चेहरे डोळ्यांसमोर आणायला मला कष्ट पडले. एकाचा तर चेहरा आजही आठवत नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'पी' आहे, म्हणजे मी नाव घेतलं होतं आणि त्यानं 'हजर' म्हटलं होतं.

हे सगळं मी मामांना सांगितलं. याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"म्हनजे तुह्या मायेलेही पहिला बाकच दिसला," मामा म्हणाले. आवाजात दोष देणं नव्हतं. "मानसाचं असंच असते. म्हनून मी नियम-नियम करतो. नियम रोल नंबर एकपासून सुरू होते. त्याले चेहरा लागत नाई."

आणि मग, मी काही विचारलं नसताना, ते म्हणाले, "पन माह्यंही ऐक."

२२ फेब्रुवारी २०२१ च्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं होतं. राज्यात इतर ठिकाणी दुसरी लाट यायची होती, आपल्याकडे ती आली होती. अर्जांच्या पडताळणीचे दिवस. मामा घरून लॉगिन करून अर्ज तपासत होते. उत्पन्नाचा दाखला जुना असला, गुणपत्रिका अस्पष्ट असली की अर्ज त्रुटीत टाकायचा. शेरा लिहायचा, बटण दाबायचं. अर्ज विद्यार्थ्याकडे परत.

"बटन दाबलं का तो अर्ज माह्या पडद्यावरून जाय. माही यादी साफ. संध्याकाळी शून्य प्रलंबित दिसलं का बरं वाटे. अन् मले माहीत होतं, बाई, का तहसीलचं काम ठप्प आहे, सेतू बंद आहे. नवा दाखला आननार कोठून? तरी मी लिहिलं, 'चालू वर्षाचा दाखला जोडावा.' काहून का नियमात तेच होतं. किती अर्ज परत आलेच नाईत, ते मी कधी मोजलं नाई. मोजाले सांगितलं नव्हतं कोनी."

हे मामांच्या तोंडून ऐकणं मला जड गेलं. माझ्या आठवणीत ते गावातल्या कुणाच्याही मुलाचा अर्ज ओट्यावर बसून भरून देणारे मामा आहेत.

त्यानंतर आमचं बोलणं वाद राहिलं नाही. एकमत मात्र झालं नाही. मामा म्हणाले, फोन करायचाच असेल तर तो नियमात घाल. प्राचार्यांच्या सहीनं परिपत्रक निघू दे. कॉलेज बंद झालं की सात दिवसांत प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला फोन, रोल नंबर एकपासून, वर्ग वाटून. लागला नाही तर पुन्हा. तरी लागला नाही तर त्या गावचा दुसरा विद्यार्थी शोधून निरोप. जो अर्ज त्रुटीत जाईल त्याचं नाव दुसऱ्या यादीत चढेल आणि दर सोमवारी ती यादी कुणीतरी वाचेल. मोबाइल वडिलांचा आहे की मुलाचा, हे प्रवेशाच्या अर्जावरच विचारून ठेवायचं.

"आणि मग तो फोन म्हणजे एक रकाना होईल," मी म्हटलं. "विचारपूस केली, होय किंवा नाही. शिक्षक एका दिवसात साठ जणांना उरकतील."

"होऊ दे रकाना. रकान्यात नाव तरी येते. तुह्या वहीत तं तेही नव्हतं."

"आणि पलीकडून मुलगा रडायला लागला तर? रकान्यात काय लिहायचं?"

मामांना याचं उत्तर देता आलं नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२० मध्ये 'मनोदर्पण' सुरू केलं, फुकट समुपदेशनाचा नंबर दिला. चांगलंच केलं. पण मेळघाटातल्या ज्या मुलाला फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं, त्यानं वाऱ्यात उभं राहून अनोळखी माणसाला काय सांगायचं, आणि कोणत्या भाषेत? कोरकू बोलणाऱ्या मुलाला मनातलं मराठीत सांगायलाच आधी ओळख लागते. माझ्या मते ते सांगायला वर्गावरचं माणूस हवं, ज्यानं निदान एक वर्ष त्याचं नाव रोज घेतलं आहे. त्या माणसाला ऐकायचं कसं, हे आधी शिकवायला हवं, आणि शिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. मी फुकट फोन केले म्हणून ते कमी पडले असं नाही म्हणत. पण तासिका तत्त्वावरची माणसं जिथे सुट्टीत कुणाचीच नसतात, तिथे संकटात मुलांचं कोण असणार, हा प्रश्न मी बैठकीत विचारणार आहे. मामा म्हणाले, तो विचारू नको, तुझे तास जातील. इथेही आमचं पटलं नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो, ती मामींनी आठवून दिली. कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली, दोन लसी घेतलेल्यांसाठी. सगळ्यांनी निःश्वास टाकला. आणि पंधरा-वीस दिवसांत एसटीचा संप सुरू झाला, तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. मधे जानेवारीत पुन्हा कॉलेजं बंद. शहरात संकट संपल्यासारखं वाटत होतं. शेजारच्या गावातल्या मुली मात्र रस्त्यावर काळी-पिवळीची वाट बघत उभ्या असायच्या आणि पासाच्या पैशात आठवडाही निघत नव्हता. "तवा कोन फोन केला होता त्याइले?" मामींनी विचारलं. त्या पोरींपैकी दोघी मामींच्या ओळखीच्या होत्या. एकीनं तिथेच सोडलं.

ऊन वर आलं. मामा उठले, हात धुतले आणि म्हणाले, "ज्याचा चेहरा आठवत नाई म्हनतेस, त्याचा नंबर आहे का तुह्यापाशी?"

हजेरीपटाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. प्रवेश अर्जावरून उतरवलेला नंबर नावापुढे होता.

"लाव."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"लाव म्हनतो ना."

बराच वेळ वाजला. उचलला तो वडिलांनी. मी नाव सांगितलं, कॉलेजचं सांगितलं. ते घाबरले, काही राहिलं का म्हणाले. मी नाही म्हटलं, सहज केला. त्यांनी मुलाचा नंबर दिला. तो पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. त्यालाही लावला. मागे यंत्रांचा आवाज होता.

"मॅडम?" तो म्हणाला. त्याला माझं नाव आठवत होतं. "आता काहून फोन केला, मॅडम?"

मला काय बोलावं सुचेना. तू पुन्हा आला नाहीस म्हणून, असं काहीतरी मी म्हटलं. तो थोडा थांबला. मग त्यानं सांगितलं की दुसऱ्या वर्षाचा प्रवेश त्यानं दुसऱ्या कॉलेजात घेतला होता. शिष्यवृत्तीचे पैसे त्या वेळी थेट खात्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं ही योजना बदलली, ५९,०४८ कोटींची केली, साठ टक्के वाटा केंद्राचा आणि तो सरळ मुलाच्या खात्यात. तो बदल आम्ही दोघंही जाणत होतो, मामांनी तर तो टेबलावर राबवला होता. खात्यात आलेल्या रकमेतून फी कॉलेजला भरायची असते. पण त्या वर्षी घरात काम नव्हतं. आजीचा दवाखाना होता. पैसे घरात गेले. फी राहिली, तेव्हापासून टीसी आणि गुणपत्रिका तिथेच अडकली आहे. मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करायची म्हणतो, पण कागद नाहीत.

"सहानंतर करता का, मॅडम? लाइन चालू आहे," तो म्हणाला. "टीसीचं काही होत असन तं पाहा."

मी फोन ठेवला आणि मामांना सगळं सांगितलं. मामांनी टॉवेलनं हात कोरडे केले, चष्मा लावला, माझ्या हातातली वही घेतली आणि कोरं पान काढलं.

"कॉलेजचं नाव सांग. अन् सहा वाजता त्याले विचार, पहिल्या वर्षीची पावती घरी ठेवली आहे का."